ड्राइव्हच्या डिजिटल इनपुट टर्मिनलना कामे नेमून देताना

ड्राइव्ह, म्हणजे मोटारला मिळणारी फ्रिक्वेन्सी बदलून तिचा वेग बदलणारे उपकरण, बसवणारा माणूस बहुतेक वेळा मोटारचा करंट, व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी भरण्यात मन लावतो. टर्मिनलची कामे मात्र कारखान्यातून जशी आली तशीच ठेवतो आणि बटने त्या कामांच्या हिशेबाने जोडून मोकळा होतो. मोटार फिरते, म्हणून काम झाले असे सगळ्यांनाच वाटते. एखादी कंट्रोल वायर तुटली किंवा गेलेली लाईट अचानक परत आली, की मग त्या जोडणीत काय राहून गेले ते कळते. जळगावच्या एमआयडीसीतली डाळमिल असो, चोपड्या-धरणगावकडचे जिनिंग असो, की रावेर-यावल पट्ट्यातल्या केळीच्या मळ्यातला पंप असो, ड्राइव्हच्या डिजिटल इनपुटची रचना करताना प्रश्न तेच असतात. त्यांची उत्तरे मात्र ठिकाणागणिक वेगळी येतात, आणि या लेखाचा भर त्या फरकावर आहे.

डिजिटल इनपुट म्हणजे ड्राइव्हवरचे असे टर्मिनल, ज्याला फक्त ‘जोडले’ आणि ‘सुटले’ या दोनच अवस्था कळतात. त्या अवस्थेचा अर्थ काय लावायचा, म्हणजे मोटार सुरू करायची, थांबवायची, वेग बदलायचा, फॉल्ट म्हणजे बिघाड समजायचा की फॉल्ट रिसेट करायचा, हे त्या टर्मिनलच्या पॅरामीटरमध्ये, म्हणजे ड्राइव्हमधल्या सेटिंगमध्ये, भरलेला आकडा ठरवतो. या टर्मिनलवर सर्वसाधारणपणे २४ व्होल्ट डीसी असतो आणि तोही ड्राइव्ह स्वतःच पुरवतो, त्यामुळे बाहेरून तिथे फक्त कोरडा कॉन्टॅक्ट, म्हणजे स्वतःचा व्होल्टेज नसलेला कॉन्टॅक्ट, आणायचा असतो. जुन्या स्टार्टरच्या सवयीने २३० व्होल्टची कंट्रोल वायर या टर्मिनलवर आणली, तर इनपुटचा सर्किट जळतो, आणि अनेकदा पूर्ण कंट्रोल कार्डच बदलावे लागते. पॅनेलमध्ये जुनी २३० व्होल्टची कंट्रोल वायरिंग राहणारच असेल, तर मध्ये रिले घालून त्याचा सुटा कॉन्टॅक्ट ड्राइव्हकडे न्यावा.

कीपॅडला हात लावण्याआधी कागद

प्रत्येक टर्मिनलसाठी कागदावर एक ओळ लिहावी आणि त्या ओळीत तीन प्रश्नांची उत्तरे असावीत: हा कॉन्टॅक्ट जोडला की काय व्हावे, ही वायर तुटली की काय व्हावे, आणि वीज जाऊन परत आली तेव्हा हा कॉन्टॅक्ट जोडलेलाच असेल तर काय व्हावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर सगळ्यांकडे तयार असते. दुसरा आणि तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, आणि अपघात मात्र याच दोन प्रश्नांच्या उत्तरांतून होतात.

दुसऱ्या प्रश्नाचा नियम सोपा आहे. ज्या सिग्नलने मोटार सुरू होते किंवा तिचा वेग वाढतो, तो सिग्नल कॉन्टॅक्ट जोडल्यावर यावा. ज्या सिग्नलने मोटार थांबते, वेग कमी होतो किंवा फॉल्ट लागतो, तो कॉन्टॅक्ट सुटल्यावर यावा. म्हणजे स्टार्टला एनओ (एरवी सुटा, दाबल्यावर जुळणारा कॉन्टॅक्ट) आणि स्टॉपला एनसी (एरवी जोडलेला, दाबल्यावर सुटणारा). असे केले की उंदराने वायर कुरतडली किंवा टर्मिनलचा स्क्रू सैल झाला, तरी यंत्र थांबण्याच्या बाजूला जाते. स्टॉप बटन एनओ घेऊन ‘जोडले की थांब’ अशी रचना केली, तर वायर तुटल्यावर लाल बटन कितीही दाबले तरी काही होणार नाही.

तिसऱ्या प्रश्नाचे एकच उत्तर सगळीकडे चालत नाही. शेतीच्या वीजवाहिनीला वीज पाळीपाळीने, कधी दिवसा तर कधी रात्री मिळते. विहिरीवरचा पंप वीज येताच आपोआप सुरू व्हावा ही शेतकऱ्याची रास्त गरज आहे, कारण रात्री दोन वाजता बटन दाबायला मळ्यात कोणी बसलेले नसते. पण डाळमिलमधल्या फीडरचे, म्हणजे पुढे माल सोडणाऱ्या यंत्राचे, झाकण उघडून कोणी चोक (अडकलेला माल) काढत असताना लाईट आली आणि रोलर फिरला, तर हात जातो. दोन्ही ठिकाणी ड्राइव्ह एकाच मॉडेलचा असू शकतो. फरक फक्त टर्मिनलच्या रचनेत असतो.

दोन तारांची रचना की तीन तारांची

मराठीत कामगार ज्याला टू-वायर कंट्रोल म्हणतात, त्यात एक टिकून राहणारा कॉन्टॅक्ट असतो: सिलेक्टर स्विच, प्रेशर स्विच किंवा पीएलसीचा (यंत्रे चालवणाऱ्या प्रोग्रॅमेबल कंट्रोलरचा) आउटपुट. कॉन्टॅक्ट जोडलेला असेपर्यंत मोटार फिरते, सुटला की थांबते. थ्री-वायर कंट्रोलमध्ये स्टार्टचे बटन क्षणभर दाबले जाते, ड्राइव्ह ती आज्ञा स्वतः लक्षात ठेवतो, आणि स्टॉपचा एनसी कॉन्टॅक्ट सुटला की ती आज्ञा सोडून देतो. वीज गेली की ही आठवणही जाते, त्यामुळे वीज परत आल्यावर मोटार आपोआप सुरू होत नाही. मोटार थेट लाइनवर जोडणाऱ्या जुन्या डीओएल स्टार्टरचे होल्डिंग जे काम करायचे, तेच हे काम आहे.

माझे मत स्पष्ट आहे: ज्या यंत्राजवळ माणूस उभा राहतो, त्या यंत्राला थ्री-वायर रचनाच असावी, आणि टू-वायर रचना फक्त पंप, पंखा किंवा पीएलसीच्या ताब्यातल्या मोटारींसाठी राखून ठेवावी. टू-वायर घेतल्यास ‘वीज आल्यावर रन कॉन्टॅक्ट आधीच जोडलेला दिसला तर काय करायचे’ हे ठरवणारा वेगळा पॅरामीटर आवर्जून पाहावा. यास्कावाच्या ड्राइव्हमध्ये तो बी१-१७ आहे: तिथे ० असेल, तर वीज आल्यावर जोडलेला कॉन्टॅक्ट दुर्लक्षित होतो आणि तो एकदा सोडून पुन्हा जोडावा लागतो; १ असेल, तर मोटार लगेच सुरू होते. डेल्टाच्या व्हीएफडी-ई मालिकेत याच कामासाठी ०२.०५ आहे. विजेच्या क्षणिक डुलकीत मोटार चालू ठेवण्याची सोय हा आणखी वेगळा पॅरामीटर असतो, आणि तो चालू असेल तर थ्री-वायर रचनेतही छोट्या डुलकीनंतर मोटार पुढे फिरत राहते, हे ध्यानात ठेवावे.

जोडणीची तयारी

मुख्य आयसोलेटर बंद करून त्याला कुलूप लावावे आणि ड्राइव्हच्या लेबलवर लिहिलेला वेळ, जो मॉडेलप्रमाणे पाच मिनिटे किंवा त्याहून अधिक असतो, थांबून मगच कव्हर उघडावे. ४१५ व्होल्टच्या सप्लायवर आतल्या कॅपॅसिटरवर सुमारे ५८५ व्होल्ट डीसी साठलेला असतो, आणि डिस्प्ले विझला म्हणजे तो उतरला असे नसते; डीसी बसच्या, म्हणजे त्याच कॅपॅसिटरच्या, टर्मिनलवर मल्टीमीटर लावून खात्री करावी.

यानंतर सिंक-सोर्सचा जंपर किंवा डिप स्विच पाहावा. सिंक म्हणजे एनपीएन रचनेत इनपुट टर्मिनल शून्य व्होल्टच्या कॉमनला जोडले की चालू होते. सोर्स म्हणजे पीएनपी रचनेत ते २४ व्होल्टला जोडले की चालू होते. साधे बटन लावणार असाल तर दोन्ही चालतात, फक्त कॉमन बदलतो. पण प्रॉक्झिमिटी सेन्सर (वस्तू जवळ आली की ओळखणारा) किंवा पीएलसीचा ट्रान्झिस्टर आउटपुट लावायचा असेल, तर त्याचा प्रकार आणि ड्राइव्हचा जंपर यांचा मेळ बसलाच पाहिजे. निवड आपल्या हातात असेल तर मी सोर्स घेईन. सिंक रचनेत कॉमन अर्थला जोडलेला असताना स्टार्टची वायर घासून पॅनेलच्या पत्र्याला लागली, तर ड्राइव्ह त्याला बटन दाबले असेच समजतो. सोर्स रचनेत तीच वायर पत्र्याला लागली तर मोटार सुरू होत नाही. जंपर वीज बंद असतानाच बदलावा.

कंट्रोल वायर शील्ड असलेली घ्यावी, शील्ड ड्राइव्हच्या बाजूला अर्थ करावे, टोकांना फेरूल (धातूची छोटी नळी) लावावे, आणि मोटारच्या केबलपासून ती निदान वीस-तीस सेंटिमीटर दूर न्यावी. दोन्ही केबल ओलांडाव्याच लागल्या तर काटकोनात ओलांडाव्यात. एकाच पाइपमध्ये मोटारची केबल आणि बटनाची वायर कोंबलेली दिसली, तर तो ड्राइव्ह कधीतरी आपोआप सुरू-बंद होणार हे गृहीत धरावे.

आपल्याकडच्या धुळीबद्दल इथे थोडे सविस्तर सांगायला हवे. जिनिंगमध्ये रुईचे तंतू आणि डाळमिलमध्ये चुनी व फोलाची भुकटी पुश बटनाच्या कॉन्टॅक्टमध्ये जाऊन बसते. २३० व्होल्टच्या कॉन्टॅक्टरला त्याचे फारसे वाटत नाही, कारण तिथे व्होल्टेज जास्त असतो आणि कॉन्टॅक्ट तुटता-जुळताना होणाऱ्या ठिणगीने पृष्ठभाग साफ होत राहतो. ड्राइव्हच्या इनपुटमधून मात्र २४ व्होल्टवर अवघे काही मिलिअँपिअर वाहतात, आणि तेवढ्या करंटला धुळीचा पातळ थरही अडवतो. म्हणून जुन्या कॉन्टॅक्टरचा काळवंडलेला ऑक्झिलरी कॉन्टॅक्ट थेट ड्राइव्हला देऊ नये. लहान सिग्नलसाठी बनवलेला, सोन्याचा मुलामा असलेल्या कॉन्टॅक्टचा रिले मध्ये घालावा आणि बटनाची पेटी धूळरोधक घ्यावी.

डाळमिलच्या फीडरचे उदाहरण

समजा, पाच एचपीची, म्हणजे ३.७ किलोवॅटची फीडर मोटार आहे. फीडरने माल एलिव्हेटरमध्ये सोडायचा, एलिव्हेटरने तो वरच्या हॉपरमध्ये टाकायचा. मालकाच्या अपेक्षा अशा आहेत: हिरव्या बटनाने फीडर सुरू व्हावा, लाल बटनाने थांबावा, एलिव्हेटर बंद पडला तर फीडर लगेच थांबावा, नाहीतर एलिव्हेटरचा बूट, म्हणजे तळाचा भाग, भरून चोक होतो, वरचा हॉपर भरत आला की फीडरने वेग कमी करावा, आणि फीडरची चेन तुटली तर फॉल्ट लागावा.

या कामाला यास्कावाचा व्ही१००० घेतला आहे असे धरू. त्याला एस१ ते एस७ असे सात डिजिटल इनपुट आहेत आणि त्यांची कामे एच१-०१ ते एच१-०७ या पॅरामीटरमध्ये ठरतात. सर्वांत आधी ए१-०३ मध्ये ३३३० भरावे. याने ड्राइव्ह थ्री-वायर रचनेत इनिशियलाइज होतो. २२२० भरले तर टू-वायर रचनेत होतो. ही आज्ञा बाकीचे पॅरामीटरही मूळ किमतींवर नेते, म्हणून मोटारची माहिती भरून झाल्यावर ती देऊ नये. हे काम पहिलेच असावे. थ्री-वायर रचनेत एस१ म्हणजे स्टार्ट, एस२ म्हणजे स्टॉप, आणि ज्या टर्मिनलला ० हा आकडा आहे ते दिशेचे. रन कमांड टर्मिनलवरून यावी यासाठी बी१-०२ मध्ये १ असल्याची खात्री करावी.

हिरवे बटन एनओ, एस१ वर. लाल बटन एनसी, एस२ वर. आणि त्याच वायरमध्ये सिरीजमध्ये एलिव्हेटरच्या कॉन्टॅक्टरने चालणाऱ्या रिलेचा एनओ कॉन्टॅक्ट. एलिव्हेटर चालू असेल तरच ही साखळी पूर्ण होते, त्यामुळे एलिव्हेटर बंद असताना हिरवे बटन दाबले तरी फीडर सुरू होत नाही, आणि एलिव्हेटर मध्येच ट्रिप झाला तर फीडर थांबतो. एलिव्हेटर पुन्हा सुरू झाल्यावर फीडर आपोआप फिरत नाही, हिरवे बटन पुन्हा दाबावे लागते, आणि ते तसेच असायला हवे. इथे पुष्कळ जण एलिव्हेटरचा कॉन्टॅक्ट एक्स्टर्नल फॉल्टच्या टर्मिनलवर देतात. त्याने फीडर थांबतो खरा, पण रोज संध्याकाळी एलिव्हेटर नेहमीप्रमाणे बंद केला तरी ड्राइव्हवर फॉल्ट दिसतो, आणि काही दिवसांनी फॉल्ट दिसला की न पाहता रिसेट दाबायची सवय कामगारांना लागते. नेहमीच्या कामकाजात थांबणे आणि बिघाड होऊन थांबणे या दोन गोष्टींसाठी वेगवेगळे टर्मिनल असावेत.

बिघाडासाठी एस३ आहे. चेन ताणलेली असताना जोडलेला आणि चेन तुटल्यावर सुटणारा लिमिट स्विच तिथे आणावा. मूळ सेटिंगमध्ये एच१-०३ ला २४ असते, म्हणजे कॉन्टॅक्ट जोडल्यावर फॉल्ट. आपला स्विच सुटल्यावर फॉल्ट हवा आहे, म्हणून तिथे २५ भरावे. दोन्हींमध्ये मोटारचा पुरवठा लगेच तोडला जातो आणि ती आपल्या गतीने थांबते. मोटारला रॅम्पने, म्हणजे वेग हळूहळू उतरवत, थांबवायचे असेल, तर सुटणाऱ्या कॉन्टॅक्टसाठी २१ हा आकडा आहे. एस४ वर रिसेटचे बटन, एच१-०४ मध्ये १४. रन कमांड चालू असताना रिसेट स्वीकारला जात नाही. टू-वायर रचनेत ‘रिसेट चालत नाही’ ही तक्रार बहुधा यामुळेच येते.

एस५ ला दिशेचे काम मिळालेले आहे. फीडर उलटा फिरवायचा नाही, म्हणून तिथे काही जोडू नये आणि बी१-०४ मध्ये १ भरून उलटी दिशाच बंद करावी.

हॉपरच्या लेव्हल स्विचसाठी एस६, जिथे थ्री-वायर इनिशियलाइजनंतर ३, म्हणजे मल्टी-स्टेप वेगाचा पहिला बिट, आधीच बसलेला असतो. बी१-०१ ला ० करून डी१-०१ मध्ये मंद वेग, समजा २० हर्ट्झ, आणि डी१-०२ मध्ये कामाचा वेग, समजा ४५ हर्ट्झ, भरावा. आता लेव्हल स्विच असा निवडावा की हॉपरमध्ये जागा असताना तो जोडलेला राहील आणि भरत आल्यावर सुटेल. याचा परिणाम असा की स्विचची वायर तुटली तर फीडर मंद चालतो. उत्पादन कमी झाल्याचे ऑपरेटरच्या लक्षात येते, पण हॉपर ओसंडून वाहत नाही. उलट रचना केली असती तर वायर तुटल्याचे माल जमिनीवर सांडल्यावर कळले असते. अशा दोन टर्मिनलवर चार आणि तीन टर्मिनलवर आठ वेग मिळतात.

एस७ रिकामे आहे. त्याचे एच१-०७ ‘एफ’ करून काम काढून टाकावे, म्हणजे उद्या चुकून वायर लागली तरी वेग बदलणार नाही. एकच काम दोन टर्मिनलना दिले, तर हा ड्राइव्ह ओपीई०३ ही चूक दाखवतो आणि सुरू होत नाही.

आकडे कंपनीप्रमाणे बदलतात, विचार बदलत नाही. सीमेन्सच्या व्ही२० मध्ये पी०७०० ला २ केले की आज्ञा टर्मिनलवरून येते; पी०७०१ पासून पुढचे पॅरामीटर एकेका इनपुटचे काम ठरवतात, त्यात १ म्हणजे ऑन-ऑफ, ९ म्हणजे फॉल्ट रिसेट, १५ म्हणजे ठरावीक वेगाचा पहिला बिट आणि २९ म्हणजे बाहेरचा ट्रिप; टू-वायर की थ्री-वायर हे पी०७२७ मध्ये ठरते. डेल्टाच्या व्हीएफडी-ई मध्ये ०२.०१ ला १ किंवा २ केले की रन कमांड टर्मिनलवर येते, ०४.०४ मध्ये २ म्हणजे थ्री-वायर, आणि ०४.०५ पासून बाकीच्या टर्मिनलची कामे. तिथे ५ म्हणजे रिसेट आणि १४ म्हणजे बाहेरचा फॉल्ट. एका कंपनीचा आकडा दुसरीच्या ड्राइव्हमध्ये भरणे ही या कामातली सर्वांत सोपी चूक आहे, म्हणून त्या मॉडेलचे मॅन्युअल उघडे ठेवूनच बसावे.

इमर्जन्सी स्टॉपचे लाल छत्रीबटन मात्र या साध्या टर्मिनलवर अवलंबून ठेवू नये. त्यासाठी पुष्कळ ड्राइव्हवर सेफ टॉर्क ऑफची, म्हणजे मोटारला फिरवणारा जोर खात्रीने तोडणारी, वेगळी टर्मिनल असतात आणि कारखान्यातून येताना त्यांवर जंपर लावलेला असतो. तो काढून तिथे इमर्जन्सीचा एनसी कॉन्टॅक्ट घ्यावा. तरीही सेफ टॉर्क ऑफने मोटारच्या टर्मिनलवरचा व्होल्टेज तुटला असे समजून मोटारला हात लावू नये. दुरुस्तीसाठी आयसोलेटरच बंद करावा.

चाचणी

पहिली चाचणी मोटार न फिरवता करावी. ड्राइव्हला वीज देऊन इनपुटची स्थिती दाखवणारा मॉनिटर उघडावा. यास्कावात तो यू१-१० आणि सीमेन्समध्ये आर०७२२ आहे. फिरण्याची आज्ञा जाऊ नये म्हणून ड्राइव्ह कीपॅडच्या लोकल मोडवर ठेवावा, दुसऱ्या माणसाला एकेक बटन दाबायला आणि एकेक स्विच हलवायला सांगावे, आणि बरोबर तोच बिट बदलतो का ते पाहावे. इथे गडबड दिसली तर ती वायरिंगची असते, पॅरामीटरची नाही.

नंतर फीडरची चेन काढून, तिचा लिमिट स्विच चाचणीपुरता जोडलेल्या अवस्थेत बांधून, मोटार मोकळी ठेवून, टर्मिनल मोडवर सुरू-बंद पाहावे. मोटार चालू असताना एकेका टर्मिनलची वायर सोडवावी आणि कागदावरच्या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराप्रमाणे घडते का ते तपासावे: एस२ सोडली की थांबते, एस३ सोडली की फॉल्ट लागतो, एस६ सोडली की मंदावते. शेवटी मोटार चालू असताना मुख्य आयसोलेटर बंद करावा, डिस्प्ले पूर्ण विझू द्यावा आणि पुन्हा चालू करावा. फीडर स्वतःहून फिरला, तर काम पूर्ण झालेले नाही. कंट्रोल वायरिंगचे इन्सुलेशन तपासायची हौस असेल, तर मेगर लावण्याआधी सगळ्या वायर ड्राइव्हपासून सोडवाव्यात. मेगरचा व्होल्टेज इनपुटला सहन होत नाही.

नेहमी येणाऱ्या तक्रारी

बटन दाबले तरी काहीच होत नाही, तेव्हा आधी ड्राइव्ह लोकलवर तर नाही ना, ते पाहावे; निम्म्या तक्रारी इथेच संपतात. त्यानंतर सिंक रचनेत इनपुट आणि कॉमन यांमध्ये मल्टीमीटर लावावा: कॉन्टॅक्ट सुटा असताना सुमारे २४ व्होल्ट आणि जोडल्यावर जवळजवळ शून्य दिसायला हवा. जोडल्यावरही दहा-बारा व्होल्ट उरत असतील, तर कॉन्टॅक्टमध्ये मळ आहे.

सेन्सर बंद असूनही इनपुट चालूच दिसत असेल, तर तो दोन वायरचा प्रॉक्झिमिटी सेन्सर असण्याची शक्यता मोठी. तो बंद अवस्थेतही थोडा करंट गळू देतो आणि संवेदनशील इनपुटला तेवढा पुरतो. तीन वायरचा सेन्सर लावला की प्रश्न मिटतो. मोटार मध्येच क्षणभर थांबून पुन्हा सुरू होत असेल, तर आधी वायरचा मार्ग आणि शील्ड पाहावे, आणि त्यानंतरच इनपुटच्या फिल्टरचा वेळ वाढवावा. यास्कावात बी१-०६ ला १ असेल तर प्रत्येक इनपुट दोनदा वाचून दोन्ही वेळा सारखा आला तरच मानला जातो. सीमेन्समध्ये पी०७२४ हे काम करतो. फिल्टर फार वाढवला तर क्षणभर दाबलेले स्टार्ट बटनही हुकते, म्हणून गोंगाटाचे मूळ वायरिंगमध्येच शोधणे बरे.

सगळे जमले की टर्मिनल, त्याला भरलेला आकडा, कॉन्टॅक्ट एनओ की एनसी, आणि वायरचा नंबर असा तक्ता टंकून पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला प्लास्टिकमध्ये घालून चिकटवावा, आणि ज्या कीपॅडवर कॉपीची सोय आहे त्यावर पॅरामीटरची प्रत घेऊन ठेवावी. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळीसच्या वर गेला आणि बंद पॅनेलमध्ये ड्राइव्ह गेला, तर रात्रपाळीचा वायरमन नवा ड्राइव्ह बसवून या तक्त्यावरून टर्मिनल भरू शकतो. नवा ड्राइव्ह दुसऱ्या मॉडेलचा असेल तर आकडे उतरवू नयेत. ‘कॉन्टॅक्ट सुटल्यावर फॉल्ट, मोटार आपल्या गतीने थांबावी’ असे काम तक्त्यात शब्दांत लिहिलेले असावे, म्हणजे त्याचा आकडा नव्या मॅन्युअलमधून शोधता येतो.